‘पाच वर्षांत औषध येणार’ : अशी बातमी वाचावी कशी?

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. मधुमेह पंधरा वर्षांचा. डाव्या पायाच्या अंगठ्याला चपलेने घासून झालेली जखम तीन आठवडे होऊनही भरत नव्हती. जखमेला वास येऊ लागल्यावर घरच्यांनी त्यांना बळेच आणले होते. साखर तपासली, तर ती चारशेच्या पुढे! ‘इन्सुलिन घेता ना?’ असे विचारल्यावर गुरुजी ओशाळले. त्यांनी पाकिटातून वर्तमानपत्राचे एक कात्रण काढून माझ्यापुढे ठेवले. घड्या घालून घालून ते विरले होते. मथळा होता : ‘पाच वर्षांत मधुमेह मुळापासून बरा होणार’. गुरुजी म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आता थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे असे वाटले, म्हणून सुई निम्म्यावर आणली.” कात्रणावरची तारीख पाहिली. ती नऊ वर्षांपूर्वीची होती.

गुरुजींचा अंगठा आणि शेजारचे बोट काढावे लागले. पाय वाचला, हे नशीब. पुढे मलमपट्टीसाठी आले असता त्यांनी मला विचारले, “बातमी देणारा खोटे बोलला का हो?” नाही. उंदरांवर तो प्रयोग खरेच झाला होता आणि तो यशस्वीही झाला होता. फसवणूक झाली ती ‘पाच वर्षांत’ या दोन शब्दांनी. तेव्हा विज्ञानाची भाकिते कशी केली जातात, त्यांवर किती विश्वास ठेवावा आणि एकट्या तज्ज्ञापेक्षा पुष्कळ लोकांचा मिळून केलेला अंदाज अधिक भरवशाचा असतो काय, याचा विचार आजच्या लेखात करू.

भरवशाच्या म्हशीला टोणगा

२३ एप्रिल १९८४ रोजी अमेरिकेच्या तत्कालीन आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी पत्रकार परिषद घेऊन एड्सचा विषाणू सापडल्याचे जाहीर केले. सुमारे दोन वर्षांत प्रतिबंधक लस चाचणीसाठी तयार होईल, अशी आशाही त्यांनी व्यक्त केली. त्यांच्या शेजारी नामवंत शास्त्रज्ञ बसलेले होते. त्यानंतर चार दशके उलटली. अनेक लसींच्या चाचण्या झाल्या, परंतु एड्सवर परवाना मिळालेली लस आजही नाही.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. लस आली नाही, तरी १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली आणि मरणाच्या दारातले रुग्ण उठून कामाला लागले. आपल्या देशात एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत ही औषधे मोफत मिळू लागली. ज्यांनी ती नियमित घेतली ते संसार करीत आहेत.

मलेरियाच्या पहिल्या लसीवर काम सुरू झाले १९८७ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने तिची सर्वत्र शिफारस केली ऑक्टोबर २०२१ मध्ये. म्हणजे चौतीस वर्षे लागली. दुसरी लस ऑक्सफर्ड विद्यापीठाने तयार केली व पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तिचे उत्पादन केले. तिची शिफारस ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली.

एकटा तज्ज्ञ चुकतो कशामुळे? ज्याने आयुष्य एका औषधाच्या शोधात घालवले त्याला ते औषध हाताशी आलेले दिसते. वाटेत येणारे अडथळे त्याला लहान वाटतात. शिवाय संशोधनाला पैसा हवा असतो, आणि बातमीला ठळक मथळा हवा असतो. यात कोणी मुद्दाम लबाडी करतो असे नव्हे. घर बांधणारा मालक ‘दिवाळीला वास्तुशांत’ म्हणतो आणि पुढचा पाडवा उजाडतो, त्यातलाच हा प्रकार.

पाचामुखी परमेश्वर

आता एक जुनी गोष्ट सांगतो. १९०६ साली इंग्लंडमध्ये प्लिमथ येथे जनावरांचे प्रदर्शन भरले होते. तेथे एका धष्टपुष्ट बैलावर पैज होती. तो कापून साफ केल्यावर मांसाचे वजन किती भरेल, हे चिठ्ठीवर लिहून द्यायचे. एका चिठ्ठीला सहा पेन्स. खाटीक आणि शेतकरी होते, तसे काहीही न समजणारे हौशीही होते. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने त्या चिठ्ठ्या नंतर मागून घेतल्या. वाचता येण्याजोग्या ७८७ निघाल्या. त्यांतील आकडे त्याने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडले आणि बरोबर मधला आकडा काढला. तो आला १,२०७ पौंड. प्रत्यक्ष वजन भरले होते १,१९८ पौंड. फरक अवघा नऊ पौंडांचा, म्हणजे चार किलोच्या आसपास!

यात चमत्कार काही नाही. प्रत्येकाच्या अंदाजात थोडी माहिती असते आणि थोडी चूक असते. कोणी जास्त सांगतो, कोणी कमी. सगळे एकत्र केले की जास्त-कमी चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि माहिती तेवढी शिल्लक राहते. आपल्याकडे ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणतात, ते या अर्थाने खरे आहे. मात्र एक अट लक्षात ठेवावी. त्या ७८७ जणांनी आपापली चिठ्ठी स्वतंत्रपणे लिहिली होती. या अटीकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

तज्ज्ञांची चिठ्ठी-पद्धत

बैल समोर उभा असतो, पण उद्याचे औषध समोर नसते. मग हीच युक्ती भविष्यातल्या शोधांना लागू पडेल काय? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील रँड या संशोधन संस्थेत या प्रश्नावर काम झाले. ओलाफ हेल्मर, नॉर्मन डाल्की आदींनी जी पद्धत काढली तिचे नाव डेल्फाय. प्राचीन ग्रीसमध्ये डेल्फाय येथील देवळात लोक कौल लावायला जात, त्यावरून हे नाव पडले.

पद्धत अशी. तज्ज्ञांना एका खोलीत बसवायचे नाही. प्रत्येकाला प्रश्न लेखी पाठवायचे आणि उत्तरे नावाशिवाय गोळा करायची. मग सर्वांना कळवायचे की मधले उत्तर अमुक आले, दोन्ही टोकांच्या लोकांनी ही कारणे दिली, आता पुन्हा विचार करून लिहा. अशा दोन-तीन फेऱ्या करायच्या. नावे नसल्यामुळे मोठ्या साहेबापुढे धाकटा डॉक्टर गप्प बसत नाही आणि मत बदलताना कोणाला कमीपणाही वाटत नाही.

१९६४ मध्ये हेल्मर व थिओडोर गॉर्डन यांनी या पद्धतीने पुढील पन्नास वर्षांचे मोठे भाकीत प्रसिद्ध केले. त्यात जिवाणू व विषाणूंच्या रोगांवर सरसकट प्रतिकारशक्ती देणारा रासायनिक उपाय १९९० च्या दशकात येईल, असे तज्ज्ञांचे मधले मत होते. तसा उपाय अजून आलेला नाही. म्हणजे पुष्कळ तज्ज्ञ एकत्र आले, पण सगळेच एका काळाच्या उत्साहात असले, तर सगळे मिळूनही चुकतात. तरीही पद्धत टिकली. जपानने १९७१ पासून दर काही वर्षांनी तज्ज्ञांची अशी मोठी पाहणी चालू ठेवली. आपल्या देशात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अध्यक्ष असताना टायफॅक या संस्थेने अनेक तज्ज्ञांची मते गोळा करून १९९६ मध्ये ‘टेक्नॉलॉजी व्हिजन २०२०’ हे अहवाल काढले.

तापाच्या साथीचा अंदाज

तिसरी पायरी म्हणजे अंदाजाला गुण देणे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने २००४ मध्ये फ्लूच्या साथीसाठी एक छोटा ‘बाजार’ उघडला. डॉक्टर, परिचारिका अशा आरोग्यक्षेत्रातल्या लोकांना त्यासाठी ठरावीक रक्कम देण्यात आली. अमुक आठवड्यात साथ किती जोर धरेल, यावर त्यांनी आपापल्या अनुभवाने रक्कम लावायची. ज्या उत्तराचा भाव चढेल ते घडण्याची शक्यता सर्वांच्या मते जास्त. बाह्यरुग्ण विभागात खोकणाऱ्यांची रांग वाढली की परिचारिकेला ते सर्वांआधी कळते. सरकारी आकडे मागाहून येतात. तिचे हे ज्ञान या बाजारात लगेच उतरत असे आणि काही आठवडे आधी साथीचा बरा अंदाज मिळत असे.

पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०१४ च्या सुमारास आणखी सोपी युक्ती केली. लोकांना मागील वर्षांच्या फ्लूचे आलेख दाखवायचे आणि यंदाची रेघ पुढे कशी जाईल ती हाताने काढायला सांगायची. सगळ्यांच्या रेघा एकत्र करून जो अंदाज निघाला, तो संगणकाच्या गणितांशी चांगली बरोबरी करणारा ठरला. अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र २०१३ पासून फ्लूच्या अंदाजांची स्पर्धाच घेत आले आहे. २०२० मध्ये कोविडच्या वेळी अनेक गटांचे अंदाज दर आठवड्याला एकत्र केले गेले. मृत्यूंच्या बाबतीत हा एकत्रित अंदाज जवळपास प्रत्येक एकट्या गटापेक्षा अधिक भरवशाचा निघाला. लाट अचानक वळली की मात्र तोही चुके.

याच सुमारास, २०१४-१५ मध्ये, अमेरिकेच्या जॉर्ज मेसन विद्यापीठाने ‘सायकास्ट’ नावाचा उपक्रम चालवला. त्यात विषय होता फक्त विज्ञान आणि तंत्रज्ञान. कोणीही नाव नोंदवून अंदाज द्यावा, आणि चूक-बरोबर ठरल्यावर त्याला गुण मिळावेत. त्याची विशेष गोष्ट म्हणजे प्रश्न एकमेकांशी जोडलेले असत. समजा, एका औषधाची चाचणी वेळेत पूर्ण होण्याची शक्यता घटली, तर त्याला परवाना मिळण्याची शक्यताही आपोआप घटे. घरात एकाला कांजिण्या आल्या की दुसऱ्या मुलाकडे आपण लक्ष ठेवतो, तसेच हे.

गुण द्यायचे कसे?

अंदाजाला गुण देण्याची रीत हवामानखात्यातल्या एका माणसाने घालून दिली. ग्लेन ब्रायर हे त्याचे नाव आणि साल १९५०. ही रीत समजून घ्यायला सातवीचे गणित पुरे. समजा, तुम्ही म्हणालात, ‘उद्या पाऊस पडण्याची शक्यता ८० टक्के’, म्हणजे ०.८. पाऊस पडला तर खरे उत्तर १. फरक ०.२, त्याचा वर्ग ०.०४. ही झाली तुमची चूक. पाऊस पडलाच नाही तर फरक ०.८ आणि चूक ०.६४. जो नेहमी ‘पन्नास टक्के’ म्हणून हात झटकतो, त्याची चूक कायम ०.२५. ज्याची सरासरी चूक कमी तो चांगला अंदाजी. छातीठोकपणे बोलून चुकणाऱ्याला या रीतीत जबर दंड बसतो, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे फिलिप टेटलॉक आणि बार्बरा मेलर्स यांनी २०११ ते २०१५ या काळात हजारो सामान्य स्वयंसेवकांकडून असे अंदाज करून घेतले व त्यांचे गुण काढले. विषय बहुतेक जागतिक राजकारणाचे होते, पण धडा सर्वांना लागू आहे. त्यांतले सर्वांत चांगले दोन टक्के लोक वर्षानुवर्षे चांगलेच राहिले. त्यांची रीत पाहिली तर तीन सवयी दिसतात. पहिली, ‘आजवर अशा गोष्टी शंभरात किती वेळा घडल्या?’ हे ते आधी पाहतात. दुसरी, नवी माहिती आली की अंदाज थोडा थोडा बदलतात. तिसरी, आपण चुकलो तर ते लिहून ठेवतात. याउलट टीव्हीवर आणि व्यासपीठावर छातीठोक बोलणाऱ्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही.

शंभरात किती?

यातली पहिली सवय प्रत्येक रुग्णाने लावून घ्यावी. नव्या औषधाबद्दल ढोबळ प्रमाण असे की, माणसांवरील चाचणीच्या पहिल्या टप्प्यात शिरणाऱ्या दहा औषधांपैकी साधारण एकच शेवटी परवान्यापर्यंत पोहोचते. उंदरांवरच्या यशापासून औषधाच्या दुकानापर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात. गुरुजींच्या कात्रणातला उपाय तर उंदरांपर्यंतच आलेला होता.

दुसरी सवयही तितकीच महत्त्वाची. कोविडच्या आरंभी पूर्वानुभव सांगत होता की लस इतक्यात येणे नाही. गालगुंडाची लस १९६७ मध्ये सुमारे चार वर्षांत तयार झाली होती आणि तोच वेगाचा उच्चांक मानला जाई. परंतु या वेळी परिस्थिती निराळी होती. सार्स व मर्स या आधीच्या साथींमुळे कोरोना विषाणूचा अभ्यास झालेला होता. एमआरएनए पद्धतीवर अनेक वर्षे काम चालू होते. सरकारांनी पैसा आधीच ओतला. चाचण्यांचे टप्पे एकमेकांना जोडून घेतले. रोग इतका पसरला होता की लशीचा उपयोग होतो की नाही हेही लवकर कळले. जानेवारी २०२० मध्ये विषाणूची जनुकीय रचना जाहीर झाली आणि २ डिसेंबर २०२० रोजी ब्रिटनने पहिल्या एमआरएनए लशीला मान्यता दिली. जुन्या प्रमाणाला चिकटून बसलेले या वेळी चुकले.

आणि घाई करणारेही चुकले. जुलै २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या एका पत्रात देशी लशीसाठी १५ ऑगस्टचे उद्दिष्ट लिहिले होते. त्या लशीला तातडीच्या वापराची परवानगी मिळाली ३ जानेवारी २०२१ रोजी, आणि देशात लसीकरण सुरू झाले १६ जानेवारीला. विज्ञान मुहूर्त पाहून येत नाही.

गर्दी केव्हा फसते?

आता ती अट. स्वित्झर्लंडमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १४४ विद्यार्थ्यांना काही आकड्यांचे अंदाज करायला सांगितले. काहींना इतरांची उत्तरे दाखवली, काहींना नाही. ज्यांना इतरांची उत्तरे कळली त्यांचे आकडे एकमेकांच्या जवळ आले. मात्र ते खऱ्या उत्तराच्या जवळ गेले असे झाले नाही. उलट आपण बरोबर आहोत अशी त्यांची खात्री तेवढी वाढली.

मोबाईलवर फिरणाऱ्या आरोग्य-संदेशांचे हेच आहे. ‘अमुक पाल्याचा रस घ्या, साखर कायमची जाते’ हा संदेश पन्नास जणांकडून आला म्हणजे पन्नास मते झाली असे नव्हे. एकाच माणसाचे मत पन्नास वेळा आले, एवढेच. मेंढरामागे मेंढरू गेले तर हजार मेंढरांनाही वाट ठाऊक नसते. पाचामुखी परमेश्वर खरा, पण पाची मुखांनी आपापले बोलले पाहिजे.

वाचकांनी काय करावे?

‘लवकरच येणार’ अशी बातमी वाचली की पुढील प्रश्न स्वतःला विचारावेत :

१) प्रयोग कोणावर झाला? उंदरांवर, दहा-वीस माणसांवर, की हजारो रुग्णांवर?

२) तो रोगाच्या कोणत्या प्रकारासाठी आहे? उदाहरणार्थ, दात्याच्या स्वादुपिंडातील पेशी देण्याच्या एका उपचाराला अमेरिकेत जून २०२३ मध्ये मान्यता मिळाली. पण तो पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या, साखर वारंवार धोकादायकपणे उतरणाऱ्या काही मोजक्या प्रौढ रुग्णांसाठी आहे. आपल्याकडच्या बहुसंख्य रुग्णांना दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असतो.

३) तारीख आणि शक्यता दोन्ही सांगितल्या आहेत काय? ‘येत्या काळात’ म्हणजे काहीच नाही. चूक ठरू शकेल असाच अंदाज कामाचा.

४) सांगणाऱ्याचा त्यात फायदा आहे काय? त्याचे मागचे अंदाज किती खरे ठरले?

५) ज्यांचा त्यात काही स्वार्थ नाही अशा दुसऱ्या दोघा-तिघा जाणकारांना वेगवेगळे विचारले तर ते काय म्हणतात?

एक सोपा प्रयोग घरीही करून पाहावा. अशी बातमी आली की भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे ती लिहावी. शेजारी घरातल्या प्रत्येकाने दुसऱ्याचे न पाहता आपापला आकडा घालावा, की हे औषध अमुक सालापर्यंत आपल्या तालुक्यात मिळण्याची शक्यता शंभरात किती? मग मधला आकडा काढावा आणि कॅलेंडर जपून ठेवावे. दोन-तीन वर्षांत घरातला खरा जाणता कोण, हे कळेल. कदाचित ती तुमची आठवीतली मुलगीही असेल.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अंदाज कितीही चांगला असला तरी त्याच्या जोरावर आजचे औषध डॉक्टरांना न विचारता कमी करू नये वा बंद करू नये. उद्या खरेच नवा उपाय निघाला, तर त्याचा लाभ घ्यायला डोळे, मूत्रपिंडे आणि पाय शाबूत असले पाहिजेत. मधुमेह असणाऱ्यांनी रोज रात्री पायांचे तळवे आरशात पाहावेत, अनवाणी फिरू नये, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी वेळच्या वेळी करून घ्यावी.

गुरुजी आता दर महिन्याला येतात. इन्सुलिन ठरल्या वेळी घेतात. मागच्या खेपेस त्यांनी नवे कात्रण आणले होते. त्याच्या कोपऱ्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले होते : ‘उंदीर. शंभरात पाच. २०३५ साली पाहणे.’ मग शर्टाची बाही वर करून म्हणाले, “तोवर तुमची सुई चालू द्या.”